उजेडात नेऊन बघा

सव्वीस वर्षं मी गादीवर बसून
दुसऱ्यांच्या बायकांना रंग दाखवले.
दादरला, कबुतरखान्याच्या मागच्या गल्लीत,
ट्यूबलाइटखाली.

आज मुलुंडच्या शोरूममध्ये गिऱ्हाईक मी.
समोर रेहान नावाचा पोरगा,
गळ्यात टाय, हातात कार्ड,
कार्डावर नखाएवढे नऊ चौकोन.

"हा ग्रॅनाइट ग्रे, सर. सध्या खूप चालतोय."
मी मनात म्हटलं, पारवा.
"हा मिडनाइट."
चंद्रकळा, बिनकाठाची.
"हा कॉपर, नवीन आलाय."
नवीन कुठला, आमसुली. उन्हात विटलेला.
"आणि हा पर्ल व्हाइट, सर, हा तर चालतोच."

चालतोय म्हणजे काय ते मला विचार.
चालतोय म्हणजे गोदामात ढीग पडलाय.

पोराच्या ओठावर घाम होता, एसी असून.
एक पाय उचलून दुसऱ्यावर टेकत होता.
आम्ही निदान मांडी घालून बसायचो.

विजू काही बोलत नव्हती.
गाडी चालवणार तीच. बावन्नाव्या वर्षी
भांडुपच्या मोटार ट्रेनिंग स्कूलात जाऊन
तिने लायसन काढलं.
मी अजून स्कूटरवर मागे बसून डोळे मिटतो.

तिने कार्ड उचललं
आणि सरळ काचेच्या दाराबाहेर गेली.

हे मी तिला शिकवलं नव्हतं.
दिवसाला शंभर बायकांना म्हणायचो,
ताई, उजेडात नेऊन बघा की,
आणि मनात, नको नेऊस बाई, नको नेऊस.

बाहेर एलबीएस रोड, मेट्रोचा अर्धवट खांब,
त्याच्या सावलीत केळीवाला.
तिने कार्ड आधी पत्र्याच्या कुंपणाला लावून पाहिलं,
मग केळ्यांना,
मग स्वतःच्या मनगटावर धरलं,
पदर धरून बघतात तसं.

"हा."

निळा म्हणावा तर जांभळ्याकडे झुकलेला.
ऊन सरकलं की हाही सरकायचा.
चिंतामणी, मी म्हटलं.
कार्डावर भलतंच काही छापलं होतं.

"याला तीन महिने वेटिंग आहे, मॅडम.
पांढरी आजच मिळेल. वर अठरा हजार डिस्काउंट."

आणि मला आमचं कपाट दिसलं.
एकीच्या पदरात तुटलेलं सूत,
एकीच्या निऱ्यांत लपणारा तेलाचा डाग,
एक मळकट हिरवी,
दोन दिवाळ्या दुकानात पडून राहिलेली.
शेठ म्हणायचे, नार्वेकर, अर्ध्या किमतीत घरी न्या.
मी नेत गेलो.
ती नेसत गेली.
चाळीत म्हणायच्या, हिची काय मजा,
नवरा साडीच्या दुकानात.

"अठरा हजार," विजू माझ्याकडे बघत म्हणाली,
वाण्याची वही वाचते त्या आवाजात.
पांढरी हा शब्द तिच्या ओठांशी आलाच होता.

मी म्हटलं, थांबू.
"तीन महिने पार्किंगचं भाडं फुकट जाईल."
जाऊ दे.
"ऋता म्हणेल, बाबांना वेड लागलंय."
म्हणू दे. घडी तू मोडणार, रंग तुझा.
"साडी आहे का ती?"
थांबू म्हटलं ना!

जरा मोठ्यानेच गेलं.
पलीकडच्या टेबलावर सह्या करणारं जोडपं
पेन उचलून बघायला लागलं.

रेहान फॉर्म भरत होता.
रंगाच्या रकान्यात दोन अक्षरं, तीन आकडे.
मी वाकून हळूच म्हटलं,
बाळा, रात्री पायाखाली उशी घेऊन झोपत जा,
शिरा फुगतात पुढे.
"हो सर," तो म्हणाला, मान वर न करता,
"फ्लोअर मॅट फ्रीच आहेत."

रिक्षात विजू भांडुप येईपर्यंत गप्प.
मग पावती पर्समध्ये चौथ्यांदा ठेवत म्हणाली,
"ती हिरवी मला आवडायची."
कुठली?
"दोन दिवाळ्या पडून राहिलेली."